अमानुष पूर्वजाची कथा : प्रतिष्ठानच्या जन्मकथांतील कथनसंकेत आणि इतिहासलेखन

विषयप्रवेश

गुढीपाडव्याच्या निमित्ताने मराठवाड्यात शालिवाहनाची कथा आजही सांगितली जाते. पैठणला कुंभाराच्या घरी वाढलेल्या एका मुलाने मातीचे हत्ती, घोडे व शिपाई घडविले, त्यांच्यावर पाणी शिंपडताच ते सजीव झाले आणि त्या सैन्याच्या बळावर त्याने बलाढ्य शत्रूचा पराभव केला, असा तिचा सर्वपरिचित आशय आहे. इ. स. ७८ पासूनच्या शकाशी शालिवाहनाचे नाव बरेच उशिरा, मध्ययुगात जोडले गेले, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. तथापि कथेच्या लोकप्रियतेला त्यामुळे बाध आलेला नाही. केज, अंबाजोगाई, गेवराई हा बीड जिल्ह्याचा परिसर पैठणच्या सांस्कृतिक कक्षेतला. जिल्ह्याची उत्तर सीमाच मुळी गोदावरी आखते आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला प्राचीन प्रतिष्ठान वसले आहे. मात्र आज सांगितल्या जाणाऱ्या रूपात या कथेतून एक महत्त्वाचे पात्र गळून गेले आहे. कुंभार हा मुलाचा आश्रयदाता होय. मुलाचा बाप कोण, हे कोणी विचारत नाही. जुन्या ग्रंथांत त्याचे उत्तर स्पष्टपणे दिलेले आहे. एका परंपरेनुसार तो सिंहरूप धारण केलेला यक्ष होता, तर दुसरीनुसार गोदावरीच्या डोहातील शेष नाग.

कुळाच्या मुळाशी मनुष्येतर पूर्वज असणे, तो दडविला जाणे आणि पुढे केव्हातरी उघड होणे, हे कथासूत्र आधुनिक वाचकाला मुख्यतः पाश्चात्त्य भयकथेतून परिचित आहे. तेच सूत्र प्रतिष्ठानच्या जन्मकथांत कोणत्या संकेतांनी बांधले गेले, आणि ते संकेत न ओळखता या कथा इतिहासाचे साधन म्हणून वापरल्या गेल्या तेव्हा काय घडले, याचा विचार येथे केला आहे. प्राचीन भारताचा इतिहास शिकविताना दंतकथा आणि शिलालेख ही दोन्ही साधने एकाच तासाला विद्यार्थ्यांपुढे ठेवावी लागतात. दोहोंची जात वेगळी आहे एवढे सांगून भागत नाही. दंतकथेला स्वतःचे व्याकरण असते आणि ते समजल्याखेरीज ती साक्ष म्हणून उभी करता येत नाही.

भयकथेतील वंशावळ

अमेरिकन लेखक हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) याची 'फॅक्ट्स कन्सर्निंग द लेट आर्थर जर्मिन अँड हिज फॅमिली' ही कथा १९२० मध्ये लिहिली गेली व १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९२४ मध्ये 'वीअर्ड टेल्स' या मासिकाने ती 'द व्हाइट एप' या नावाने पुन्हा छापली. कथेच्या आरंभीच आर्थर जर्मिन या उमरावाने आफ्रिकेहून आलेल्या एका पेटीतील वस्तू पाहून स्वतःला जाळून घेतल्याचे सांगितले जाते. शेवट असा आधीच हातात ठेवल्यावर निवेदक मागे वळतो आणि कुळाचा इतिहास पिढीपिढीने मांडू लागतो. अठराव्या शतकात काँगोचा प्रवास केलेला मूळ पुरुष वेड जर्मिन, पोर्तुगीज व्यापाऱ्याची मुलगी म्हणून सांगितली गेलेली पण कोणाच्या दृष्टीस न पडलेली त्याची पत्नी, पुढच्या प्रत्येक पिढीत दिसणारे चमत्कारिक चेहरे व हिंसक स्वभाव, एका संशोधकाचा व स्वतःच्याच मुलांचा खून करणारा वंशज, असा हा क्रम आहे. अखेरीस पेटी उघडते. आत पांढऱ्या वानरीचे वाळविलेले शव असते, तिच्या गळ्यातील लॉकेटवर जर्मिन घराण्याचे मानचिन्ह असते आणि तिचा चेहरा आर्थरच्या चेहऱ्याशी मिळता असतो.

या कथेची मांडणी पाहता ती एखाद्या कुलवृत्तांतासारखी आहे, हे सहज ध्यानात येते. निवेदक अलिप्त आहे. तो ऐकीव गोष्टी ऐकीव म्हणूनच नोंदवितो, नोकरांच्या साक्षी देतो, सनावळ्या सांगतो. भय उत्पन्न होते ते या दप्तरी कोरडेपणातून. कुळात डोकावणारी मूळ स्त्री एक शब्दही बोलत नाही. तिच्याविषयी सर्व काही इतरांनीच सांगितलेले. संशयाची एकेक खूण वाचकाच्या हाती आधीपासून दिली जाते आणि नायकाला मात्र ती सर्वांत शेवटी कळते. उलगडा होताच कुळ संपते. इतकेच काय, कथेच्या शेवटी विद्वत्संस्थेचे काही सभासद आर्थर जर्मिन नावाचा मनुष्य होऊन गेल्याचेच मान्य करीत नाहीत. पूर्वज सापडला आणि वंशजाचे नाव पुसले गेले, असा हा व्यवहार आहे.

लव्हक्राफ्टचे वंशविषयक विचार उघडपणे विद्वेषी होते आणि त्याच्या काळाशी ते सुसंगतही होते. अमेरिकेत मॅडिसन ग्रँटचे वंशश्रेष्ठत्व प्रतिपादणारे पुस्तक १९१६ मध्ये निघाले होते आणि विशिष्ट देशांतील लोकांना रोखणारा स्थलांतर कायदा १९२४ मध्ये झाला. एकदा मिसळलेले 'रक्त' पिढ्यान्पिढ्या नासलेलेच राहते, ही त्या काळची भीती कथेत वानरीचे रूप घेऊन आली. पुढे 'द शॅडो ओव्हर इन्समाउथ' (१९३६) या दीर्घकथेत त्याने हेच सूत्र निवेदकाच्या तोंडून सांगितले. तेथे वंशजाला आपला जलचर पूर्वज सापडतो आणि शेवटी तो त्याच्याकडे परत जाण्यास उत्सुक होतो. पहिल्या कथेपेक्षा ही अधिक सखोल आहे, याचे एक कारण सांगणारा स्वतःच अमानुष वंशातला आहे हे असावे. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

गुणाढ्य आणि सातवाहन

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये राणी सूर्यवती हिच्यासाठी सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्याचा पहिला लंबक, कथापीठ, हा बृहत्कथेच्या जन्माचा वृत्तांत आहे. बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य विंध्यारण्यात काणभूती नावाच्या पिशाचाला आपली हकिकत सांगतो, अशी चौकट येथे योजली आहे. या निवेदनात अमानुष पूर्वजाच्या दोन कथा पाठोपाठ येतात, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

पहिली कथा गुणाढ्याच्या स्वतःच्या जन्माची. प्रतिष्ठानातील सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणाला वत्स व गुल्मक हे दोन पुत्र आणि श्रुतार्था ही कन्या. आईबाप निवर्तल्यावर भावंडे एकत्र राहत असता श्रुतार्था गर्भवती झाली. घरात तिसरा पुरुष नाही. तेव्हा दोघे भाऊ एकमेकांचाच संशय घेऊ लागले. हा प्रसंग भयकथेला शोभेल असा आहे. बंद घर, तीन माणसे, न बोललेला आरोप. श्रुतार्थेने त्यांची मने ओळखली व आपण होऊन सांगितले की, नागराज वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन याने स्नानास जाताना आपल्याला पाहिले आणि गांधर्वविधीने वरले. भावांनी प्रमाण मागितले. तिने मनोमन स्मरण करताच कीर्तिसेन तेथे प्रकट झाला, विवाह खरा असल्याचे त्याने सांगितले आणि श्रुतार्था ही शापामुळे पृथ्वीवर आलेली अप्सरा असून हे दोघे भाऊही शापभ्रष्टच आहेत, असेही उघड केले. पुढे पुत्र झाला तो गुणाढ्य. त्याच्या जन्मानंतर आई व दोन्ही मामा शाप संपल्याने हे जग सोडून गेले.

लागलीच दुसरी कथा येते ती राजाची. द्वीपिकर्णी राजाची प्रिय राणी उद्यानात सर्पदंशाने मरण पावली. राजा निपुत्रिक राहिला. स्वप्नात शंकराने त्याला सिंहावर बसलेले बालक अरण्यात आढळेल, असा दृष्टान्त दिला. शिकारीला गेलेल्या राजाला भर दुपारी सरोवराच्या काठी तसे बालक दिसले. सिंहाने मुलाला खाली उतरविले आणि तो पाणी पिऊ लागला. राजाने बाण मारला. सिंहाचे शरीर गळून पडले व तेथे पुरुष उभा राहिला. आपण कुबेराचा मित्र सात नावाचा यक्ष असून एका ऋषिकन्येशी गांधर्वविवाह केला म्हणून तिच्या आप्तांनी दोघांनाही सिंहयोनीचा शाप दिला, असे त्याने सांगितले. अपत्य झाल्यावर तिचा शाप सुटावयाचा होता आणि या राजाच्या बाणाने त्याचा. सिंहीण प्रसूतीनंतर मरण पावली. बाळाला त्याने इतर सिंहिणींच्या दुधावर वाढविले. सात हा यक्ष ज्याचे वाहन, तो सातवाहन, अशी नावाची व्युत्पत्ती येथे दिली आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती मान्य होण्यासारखी नसली तरी कथेच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे, कारण येथे बापाचे अमानुषत्व मुलाच्या नावातच कायमचे कोरले जाते.

जर्मिनच्या कथेतील बहुतेक सर्व सामग्री येथे उपस्थित आहे. गूढ संबंध, आप्तांचा संशय, प्रत्यक्ष पुरावा, उलगड्याबरोबर येणारा मृत्यू, नावाचा प्रश्न. मांडणी मात्र उलट दिशेने जाते. संशय असतो तो उलगड्यापूर्वी. उलगडा होताच तो मिटतो. पुरावा म्हणून पेटीतले वाळलेले शव येत नाही. पूर्वज स्वतः येऊन बोलतो, आणि त्याआधी स्त्री बोलते. मृत्यू येतो तो मुक्ती म्हणून. या सर्वांमागे शापाची कल्पना आहे. शापाला कारण असते, मुदत असते आणि उतारा असतो. सिंहाचे कातडे ही यक्षाची तात्पुरती अवस्था आहे, त्याचा स्वभाव नव्हे. म्हणून ते मुलाच्या अंगात उतरत नाही. सोमदेवाच्या जगात अमानुषत्व भोगून संपते. रक्तातून वाहत राहण्याची सोय त्याला नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे निवेदकाचे स्थान. नागाच्या पोटी जन्मलेला गुणाढ्य स्वतःच्या जन्माची कथा एका पिशाचाला सांगतो, आणि हा पिशाचही मुळात शापित यक्षच आहे. कथा सांगितली जाते तीही पैशाची भाषेत. राणीबरोबर जलक्रीडा करताना संस्कृतातील एक संधी न कळल्याने सातवाहन राजाची फजिती झाली, शर्ववर्म्याने त्याला सहा महिन्यांत व्याकरण शिकविले, पैज हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा यांचा त्याग केला, हा भाग सर्वश्रुत आहे. सात वर्षे खपून सात लक्ष श्लोकांची कथा त्याने शाईअभावी आपल्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली, ती पिशाचभाषेत आहे आणि रक्ताने लिहिलेली आहे म्हणून. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकू लागला, तेव्हा प्राण्यांनी चारापाणी सोडले, राजाला मुदपाकखान्यातील सुकलेल्या मांसाने आजार झाला, आणि कारण शोधीत तो आला तोवर एक लक्ष श्लोक उरले होते. येथे अमानुष वंश माणसाचा राहत नाही, तो वाङ्मयाचा होतो. वररुची व हेमचंद्र यांच्या व्याकरणांत पैशाची ही एक प्राकृत भाषा म्हणून येते, तर दंडीने बृहत्कथेची भाषा भूतांची असल्याचा उल्लेख केला आहे. बोलणाऱ्यांना पिशाच ठरविले की त्यांच्या भाषेला वेगळे काही ठरवावे लागत नाही. स्वतः सातवाहनांचे कोरीव लेख प्राकृतात आहेत, आणि 'गाथासप्तशती' हा प्राकृत गाथांचा संग्रह त्यांच्याच कुळातील हाल राजाच्या नावावर आहे. संस्कृत येत नाही म्हणून लाजणारा सातवाहन ही त्यांच्या दरबारातील स्मृती असण्यापेक्षा उत्तरकालीन संस्कृत पंडितांनी केलेली थट्टा असण्याची शक्यता अधिक वाटते.

जिनप्रभसूरींचा पाठ

चौदाव्या शतकात जैन आचार्य जिनप्रभसूरी यांनी 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात प्रतिष्ठानचा वृत्तांत दिला आहे. त्यात परदेशाहून आलेले दोन ब्राह्मण आपल्या विधवा बहिणीसह एका कुंभाराच्या घरी उतरतात. बहीण गोदावरीवर पाणी आणावयास गेली असता डोहातील शेष नाग मनुष्यरूप घेऊन तिला बलाने भोगतो. गर्भ दिसू लागताच दोघे भाऊ एकमेकांचा संशय घेतात. वत्स आणि गुल्मक यांची ही पुनरावृत्तीच होय. पण या कथेत प्रमाण मागितले जात नाही. भाऊ लज्जेने निघून जातात, विधवा परक्या घरी कामे करून पोट भरते आणि मुलाला वाढविते. खेळात राजा होऊन सवंगड्यांना मातीची वाहने देणारा म्हणून मुलाचे नाव सातवाहन पडते. व्युत्पत्ती येथे बदलली आहे, सिंह नाहीसा झाला आहे. पुढे उज्जयिनीच्या विक्रमादित्याशी युद्धाचा प्रसंग येतो तेव्हा शेष आपल्या पुत्राला अमृत देतो आणि मातीचे सैन्य उभे राहते.

दोन्ही पाठ एकमेकांशेजारी ठेवले असता एकाच नगरात, एकाच प्रकारच्या कुटुंबात, एकच संशय दोनदा उत्पन्न झालेला दिसतो. एकदा कवीच्या जन्मासाठी, एकदा राजाच्या. अशी पुनरावृत्ती घटनांची क्वचितच होते. ती संकेताची होते. प्रतिष्ठानमध्ये थोर पुरुष जन्माला यावयाचा तर त्याची आई ब्राह्मण, तिचे भाऊ दोन आणि बाप डोहातला, हे कथाकारांनी ठरवून टाकले होते. फरक पडतो तो स्त्रीच्या वाट्याला काय येते यात. सोमदेवाची श्रुतार्था बोलते आणि तिचे म्हणणे खरे ठरते. जिनप्रभसूरींची विधवा बोलत नाही. तिच्यावर अन्याय झाला हे वाचकाला कळते, भावांना नाही. गुढीपाडव्याच्या कथेत तर ती जवळजवळ दिसेनाशीच होते. अमानुष बाप लाजिरवाणा वाटू लागला आणि त्याच्याबरोबर माणसाची आईही कथेबाहेर गेली, असा हा प्रवास आहे.

शाप आणि रक्त

विसाव्या शतकातील इतिहासकारांनी या कथांचे काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. हेमचंद्र रायचौधरी यांचा प्राचीन भारताच्या राजकीय इतिहासावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९२३ मध्ये प्रथम निघाला व त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. सातवाहन हे ब्राह्मण असून त्यांच्यात नागरक्ताचे थोडे मिश्रण होते, असे मत त्यात आढळते; आणि त्यासाठी शालिवाहनाचा ब्राह्मण-नाग जन्म सांगणाऱ्या 'द्वात्रिंशत्पुत्तलिके'चा, म्हणजे सिंहासनबत्तिशीचा, आधार दिला आहे. रायचौधरी यांच्या व्यासंगाविषयी आदर बाळगूनही येथे थांबावे लागते. बत्तिशीतील शेषाचा पुत्र हा त्याच संकेताचा आणखी एक आविष्कार आहे. कथाकाराने 'शेष' म्हटले, इतिहासकाराने 'नागरक्त' म्हटले. पहिला शब्द डोहातला होता, दुसरा त्या काळच्या वंशशास्त्रातला. लव्हक्राफ्टची कथा, रायचौधरींचा ग्रंथ आणि कथासरित्सागराच्या टॉनीकृत भाषांतराची पेंझर यांनी काढलेली दहा खंडांची आवृत्ती (१९२४-२८) ही सारी एकाच दशकाची निर्मिती आहे, हा योगायोग असला तरी विचार करण्यासारखा आहे. जुनी कथा हाती आली की तिच्यात रक्ताचे प्रमाण मोजण्याची सवय त्या दशकात भयकथाकारालाही होती आणि विद्वानालाही.

नाग म्हणजे कोण, या प्रश्नाला याहून चांगली उत्तरे महाराष्ट्रातील विचारवंतांनीच दिली आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'नाग' हे एका विशिष्ट वंशाचे नाव न मानता वनवासी टोळ्यांना उद्देशून वापरलेली सर्वसाधारण संज्ञा मानली आणि नागकथांत अशा टोळ्या कृषिसमाजात सामावल्या जाण्याची प्रक्रिया पाहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ च्या अस्पृश्यतेच्या मीमांसेत नागांना ऐतिहासिक लोक मानले, आणि १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील भाषणात धम्मदीक्षेसाठी नागपूरची निवड का केली हे सांगताना बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा निर्देश केला. या प्रतिपादनातील प्रत्येक दुव्याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु त्यात घडलेली मूल्यांची उलथापालथ निर्विवाद आहे. ज्यांना इतरांनी साप म्हटले त्यांना पूर्वज म्हणून स्वीकारणे, हे इन्समाउथच्या निवेदकाला भयापोटी आणि उन्मादात सुचते. येथे ते शुद्धीवर, भर सभेत, सन्मानाचा दावा म्हणून केले गेले. अमानुष ठरविणे हे ठरविणाऱ्याचे कृत्य असते, ही गोष्ट आंबेडकरांच्या वाचनात जितकी स्पष्ट होते तितकी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच होते.

नागवंशाचा दावा राजांनीही अनेक ठिकाणी केला. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त काश्मीरच्या कार्कोट घराण्याचा मूळ पुरुष कर्कोटक नागाचा पुत्र म्हणून येतो. बागलकोट परिसरातील सिंद घराण्याने तर भैरनमट्टीच्या लेखात आपला मूळ पुरुष नागराज धरणेंद्रापासून झाला व वाघिणीच्या दुधावर वाढला, असे दगडावर कोरून ठेवले आहे. नाग आणि हिंस्र पशूचे दूध या दोन्ही गोष्टी, ज्या सातवाहनकथेत दोन निरनिराळ्या पाठांत विखुरल्या आहेत, त्या येथे एकत्र आल्या आहेत. सिंदांच्या बाबतीत हा दावा त्यांचा स्वतःचा आहे. सातवाहनांच्या बाबतीत तसा एकही पुरावा नाही. तो त्यांच्यावर सुमारे हजार वर्षांनी लादला गेला.

मराठी मनाने शापाची जुनी कल्पना मात्र टाकलेली नाही, असे आधुनिक भयकथेवरून दिसते. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कथेवरून सुचलेल्या आणि श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीतील गावाचे नाव घेतलेल्या 'तुंबाड' (२०१८) या राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी चित्रपटात वाड्यात साखळदंडांनी जखडलेली एक पूर्वज वृद्धा आहे. ती मरत नाही. तिच्याकडून पुढच्या पिढीकडे येतो तो खजिन्याचा पत्ता आणि हाव, रक्त नव्हे. म्हणूनच शेवटी मुलगा वडिलांनी पुढे केलेले धन नाकारू शकतो. जर्मिनच्या वंशजाला असा नकार देण्याची संधीच नव्हती.

लेखातील माता

सातवाहनांनी स्वतःविषयी काय सांगितले, याचा सर्वांत विस्तृत पुरावा नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने तो कोरविला. वा. वि. मिराशी यांच्या सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांच्यावरील मराठी ग्रंथामुळे (१९७९) हे लेख मराठी अभ्यासकाला सहज उपलब्ध झाले आहेत. दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची आईने केलेली ही प्रशस्ती. क्षत्रियांचा दर्प उतरविणारा, शक, यवन व पह्लवांचा संहार करणारा, क्षहरातांचे निर्मूलन करून सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा, अशी त्याची विशेषणे आहेत. 'एकब्राह्मण' या पदाचा अर्थ अद्वितीय ब्राह्मण की ब्राह्मणांचा एकमेव रक्षक, याविषयी वाद आहे. मात्र चातुर्वर्ण्याचा संकर त्याने थांबविला, हे विधान निःसंदिग्ध आहे.

म्हणजे ज्या कुळाला पुढच्या कथाकारांनी संकरातून जन्माला घातले, त्या कुळाची आपल्याविषयीची प्रौढी संकर रोखल्याची होती. लेखात नाग, यक्ष, राक्षस हे सारे येतात. परंतु त्यांच्या जागा निराळ्या आहेत. सर्पराज येतो तो राजाच्या लांब, पुष्ट बाहूंची उपमा म्हणून. यक्ष, राक्षस, विद्याधर व गंधर्व येतात ते रणभूमीच्या वर्णनात. पूर्वज म्हणून त्यांपैकी कोणीही नाही. उपमानाचे उपमेयाच्या घरी बाप म्हणून येणे हे काम पुढच्या शतकांनी केले. नाणेघाटातील लेखातील राणी नागनिकेच्या नावावरून नागसंबंध सुचविले गेले आहेत. पण तिची ओळख महारठीची कन्या, राजाची पत्नी आणि यज्ञ करणारी अशी आहे. तिच्या नावातून वंश काढणे म्हणजे गावाचे नाव राक्षसभुवन आहे म्हणून गोदाकाठच्या त्या गावकऱ्यांची वंशावळ शोधण्यासारखे होय.

कथेत नसलेली एक गोष्ट लेखांत ठळक आहे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावे मातेच्या गोत्रावरून आलेली आहेत. या नामपद्धतीमागे विवाहसंबंधांचे कोणते राजकारण होते याविषयी विद्वानांत चर्चा झाली आहे. मातृसत्तेचा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही, कारण राज्य बापाकडून मुलाकडे जात असे. तरीही राजाचे नाव उच्चारताना आई आधी यावी, ही पद्धत उत्तरकालीन कथाकारांना कोड्यात टाकणारी ठरली असावी. आईचे नाव प्रसिद्ध आणि बापाचे नावच नाही, अशा राजांच्या यादीतून बापाविषयी कुतूहल निर्माण होणे स्वाभाविक आहे. ती रिकामी जागा एकाने सिंहाने भरली, दुसऱ्याने नागाने. हे अर्थात अनुमान आहे. परंतु नागरक्ताच्या अनुमानापेक्षा त्याला लागणारी गृहीतके कमी आहेत.

ज्या सिंहासनबत्तिशीच्या आधारे नागरक्त सिद्ध केले गेले, त्याच बत्तिशीत शालिवाहनाच्या बालपणाची एक हकिकत आहे. एक धनिक मरताना चार मुलांसाठी चार भांडी ठेवून जातो. एकात माती, एकात भुसा, एकात हाडे, एकात कोळसे. वाटणीचा अर्थ कोणाला लागत नाही. विक्रमाच्या सभेलाही लागत नाही. मुले प्रतिष्ठानला येतात तेव्हा कुंभाराच्या घरी राहणारा एक पोरगा त्यांना सांगतो की, माती ज्याच्या वाट्याला आली त्याची जमीन, भुसा ज्याच्याकडे त्याचे धान्य, हाडे ज्याला त्याची गुरेढोरे आणि कोळसे ज्याला त्याचे सोने. विक्रमाला हे कळल्यावर तो मुलाला बोलावणे पाठवितो. मुलगा जात नाही. पुढचे युद्ध व मातीचे सैन्य हे सारे या नकारातून उद्भवते, आणि या प्रसंगात मुलाला त्याच्या स्वतःच्या बापाविषयी मात्र कोणी विचारीत नाही.